स्विमिंग पूलची रसायनं घरी कशी साठवायची

लोणावळा, कर्जत, मुळशी, अलिबाग, उत्तर गोवा या भागांतल्या बंगल्यांना खासगी स्विमिंग पूल असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पूल बांधताना टाइल्स, दिवे आणि फिल्टर यांवर आठवडेच्या आठवडे खल होतो. क्लोरीनचा ड्रम आणि ॲसिडचा कॅन कुठे राहणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. मग ते पंपरूममध्ये जातात, जिन्याखाली जातात किंवा शेडमध्ये खताच्या गोणींशेजारी जातात. या तिन्ही जागा चुकीच्या आहेत. का, आणि मग जागा कशी निवडायची, मांडणी कशी करायची, पावसाळ्यात काय सांभाळायचं, ते इथे सांगितलं आहे.

आधी नावं नीट ओळखा

दुकानात सगळ्यालाच ‘क्लोरीन’ म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. घरी येणारं क्लोरीन प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या पदार्थांपैकी एक असतं.

दाणेदार पांढरं मिळतं ते बहुधा कॅल्शियम हायपोक्लोराइट. त्यात उपलब्ध क्लोरीन, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या कामी येणारं, ६५ ते ७० टक्के. विहिरीत टाकायला ग्रामपंचायत जी टीसीएल पावडर वापरते, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ती याच घराण्यातली, पण बरीच सौम्य. ताजी असताना ३० टक्क्यांच्या थोडी वर. २०० ग्रॅमच्या मोठ्या गोळ्या मिळतात त्या टीसीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, ९० टक्के. लवकर विरघळणारी भुकटी एसडीआयसी नावानं मिळते, ती ५६ ते ६० टक्के. आणि निळ्या कॅनमधलं पिवळसर ‘लिक्विड क्लोरीन’ म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं १० ते १२ टक्क्यांचं द्रावण.

टीसीएल आणि टीसीसीए ही दोन नावं पुन्हा एकदा वाचा. ऐकायला सारखी, दिसायला दोन्ही पांढरी, वासही जवळपास सारखाच. पण टीसीएल आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट अल्कधर्मी आहेत, तर टीसीसीए आम्लधर्मी असून तिच्या रेणूत नायट्रोजन आहे. हे दोन गट एकत्र येऊन त्यांना थोडी ओल लागली की उष्णता निर्माण होते, क्लोरीन वायू सुटतो आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं. हे संयुग स्फोटक आहे. फार्महाउसवर विहिरीसाठी टीसीएल आणि पुलासाठी टीसीसीए असं दोन्ही असण्याची शक्यता खूप असते. ‘शेवटी दोन्ही क्लोरीनच’ म्हणून उरलेली पावडर गोळ्यांच्या ड्रममध्ये ओतली जाते, आणि अपघाताला एवढं कारण पुरतं.

बाकीची मंडळी: पाण्याचा पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड, साधारण ३० ते ३३ टक्क्यांचं, पीएच चढवायला सोडा ॲश, गढूळपणासाठी तुरटी किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड), शेवाळासाठी अल्जीसाइड. यांतलं ॲसिड सर्वांत खोडकर. सोडा आणि तुरटी त्या मानानं गरीब, फक्त त्या सादळू देऊ नयेत आणि क्लोरीनपासून लांब असाव्यात.

क्लोरीनला काय चालत नाही

तीन गोष्टी: ॲसिड, थोडंसं पाणी आणि जळू शकणारं काहीही.

ॲसिडचं गणित सोपं आहे. हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू लगेच सुटतो. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीच पट जड असतो, म्हणून तो वर उडून जात नाही. खड्ड्यात, तळघरात, पंपरूमच्या तळाशी साचतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्यानं हाच वायू सोडला होता, आणि खंदकातल्या सैनिकांवर तो घातक ठरला याचं एक कारण हा जडपणाच होता. जमिनीखालची पंपरूम म्हणजे खंदकच.

थोडंसं पाणी, हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. भरपूर पाण्यात गोळी विरघळते, कारण ते तिचं काम. पण ड्रमभर गोळ्यांवर तांब्याभर पाणी पडलं तर ते पाणी उष्णता वाहून नेऊ शकत नाही. गोळ्या तापतात, विघटन सुरू होतं, वायू सुटतो आणि शेवटी आग लागू शकते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या लेक चार्ल्सजवळ २७ ऑगस्ट २०२० रोजी लॉरा चक्रीवादळानं एका पूल-रसायनांच्या कारखान्याचं छप्पर उडवलं, पावसाचं पाणी टीसीसीएवर पडलं आणि आग लागून क्लोरीनचा लोट उठला. चार वर्षांनी, २९ सप्टेंबर २०२४ रोजी, जॉर्जिया राज्यातल्या कॉन्यर्स इथे अशाच रसायनांच्या साठ्यावर पाणी पडलं. सुमारे १७,००० लोकांना घरं सोडावी लागली. तिथे साठा टनांत होता, आपल्याकडे किलोत आहे, पण रसायनशास्त्र तेच. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलैत पत्र्याच्या फटीतून झड आत येते तेव्हा हे लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट जळणारं. क्लोरीनची ही संयुगं स्वतः पेटत नाहीत, पण दुसऱ्याला पेटायला प्राणवायू पुरवतात. कॅल्शियम हायपोक्लोराइटवर गाडीचं ब्रेक ऑइल सांडलं तर काही क्षण काहीच होत नाही आणि मग अचानक ज्वाळा उठते. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, थिनर, फिनेल, तेलकट फडकी, गोणपाट, काथ्या, सुकं गवत, लाकडाचा भुसा, साखर हे सगळं या यादीत येतं. खतं वेगळ्या कारणानं धोकादायक: युरिया आणि अमोनियम सल्फेट हायपोक्लोराइटशी मिळून तेच स्फोटक नायट्रोजन ट्रायक्लोराइड देऊ शकतात. म्हणून बागेच्या शेडमध्ये, जिथे युरियाची अर्धी गोणी, गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल आणि जनरेटरचं डिझेल असतं, तिथे पुलाचं क्लोरीन ठेवायचंच नाही.

किती साठवायचं

साठवणुकीचा अर्धा प्रश्न कमी आणल्यानंच सुटतो. त्यासाठी आधी पुलाचं पाणी मोजा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पुलात ६० घनमीटर म्हणजे ६०,००० लिटर पाणी मावतं. एवढ्या पाण्यात क्लोरीनची पातळी १ पीपीएमनं, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅमनं, वाढवायला ६० ग्रॅम क्लोरीन लागतं. रोज २ पीपीएम खर्च होतं असं धरलं तर १२० ग्रॅम.

९० टक्क्यांच्या टीसीसीएत हे १३३ ग्रॅम रोज, महिन्याला साधारण ४ किलो. १० टक्क्यांच्या लिक्विडमध्ये रोज १.२ लिटर, महिन्याला ३६ लिटर, म्हणजे ३५ लिटरचा जवळपास एक कॅन. शेवाळ आल्यावर १० पीपीएमचा मोठा डोस द्यायचा तर ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सव्वानऊशे ग्रॅमच्या आसपास लागतं.

थोडक्यात, असा पूल असलेल्या घरात ५ किलो गोळ्या, नाहीतर एक कॅन लिक्विड, आणि एक छोटा कॅन ॲसिड एवढं असलं की महिना निघतो. ५० किलोचा ड्रम किलोमागे स्वस्त पडतो हे खरं, पण पावसाळाभर तो उघडा-बंद होत सादळतो आणि त्याच्याकडे बघायची कुणाची तयारी राहत नाही. जून ते सप्टेंबरचा साठा तर महिन्याच्या गरजेपेक्षा जास्त नकोच.

शक्य असेल तर घन क्लोरीनचा एकच प्रकार ठरवून तोच वापरा. टीसीसीए वापरणार असाल तर कॅल्शियम हायपोक्लोराइट घरात आणूच नका; मोठ्या डोससाठी लिक्विड मागवा आणि त्याच आठवड्यात संपवा. घरात दोन वैरी आणलेच नाहीत तर त्यांना वेगळं ठेवण्याची काळजीही उरत नाही.

जागा

पंपरूम का नको, ते एकदा पूर्ण सांगायला हवं. ती बहुतेकदा पुलाच्या पातळीखाली असते, म्हणून वायू साचतो. पंपाच्या गळक्या ग्लँडमधून, बॅकवॉशच्या (फिल्टर उलट्या पाण्यानं धुण्याच्या) पाइपमधून तिथे कायम ओल असते. मुसळधार पावसात पाणी भरलं तर पहिला भिजतो तो जमिनीवरचा ड्रम. आणि ॲसिडच्या वाफा तिथल्या मोटरच्या वाइंडिंगला, पॅनेलच्या काँटॅक्टरला आणि नटबोल्टना खातात. वर्षाभरात पॅनेलवर हिरवट-पांढरा थर दिसू लागला तर त्याचं कारण शेजारचा ॲसिडचा कॅन आहे असं समजा.

बरोबर जागा घराबाहेर, जमिनीच्या वर, छपराखाली असते. बंगल्याच्या उत्तरेच्या भिंतीला लागून, जिथे दुपारचं ऊन पडत नाही, असा ४ फूट बाय २ फुटांचा ओटा बांधून त्यावर एफआरपी (फायबर) किंवा जाड प्लास्टिकची कुलूपबंद पेटी ठेवली तर बहुतेक घरांची गरज भागते. ओटा जमिनीपासून किमान दीड फूट उंच हवा. तुमच्याकडे आजवर पाणी कुठपर्यंत चढलं त्याच्या वर. छपराची पुढची बाजू इतकी बाहेर काढा की पागोळ्या पेटीवर पडणार नाहीत आणि झड आत येणार नाही.

पेटीला हवा खेळायला जाळीची भोकं दोन ठिकाणी हवीत, एक वर आणि एक अगदी तळाशी. तळाचं विसरू नका, जड वायूला बाहेर पडायची वाट तीच आहे. ही भोकं बेडरूमच्या खिडकीकडे, एसीच्या बाहेरच्या युनिटकडे किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे तोंड करून नसावीत.

लोखंडी कपाट घेऊ नका. सहा महिन्यांत गंजाचे पापुद्रे क्लोरीनमध्ये पडायला लागतात. लाकडी फळ्याही नकोत, सांडलेली भुकटी त्यांत मुरते. पत्र्याची बंद शेड उन्हाळ्यात भट्टी होते. साठ्याच्या जागेचं तापमान ३५ अंशांच्या आत राहायला हवं, आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ते सावलीतही अवघड असतं. तिथे भिंत जाड, छपराखाली हवेची पोकळी आणि साठा आणखी कमी, एवढंच आपल्या हातात आहे.

ॲसिडची जागा वेगळी. वेगळी म्हणजे त्याच पेटीतला दुसरा कप्पा नव्हे. घराची दुसरी बाजू, किंवा निदान ३ मीटर अंतर आणि मध्ये भिंत. दोन्हींचा सांडलेला ओघळ एकाच गटारात जाणार नाही, हेही बघा.

मांडणी

क्लोरीनच्या पेटीत घन पदार्थ वर, द्रव खाली. कॅन गळला तर तो खाली गळावा, गोळ्यांवर नाही. गोळ्यांचा ड्रम प्लास्टिकच्या छोट्या चौथऱ्यावर ठेवा, थेट सिमेंटवर नको. सिमेंट ओल धरतं. अल्जीसाइडची बाटली सेंद्रिय असते, ती क्लोरीनच्या पेटीत ठेवायची नाही. सोडा आणि तुरटी घरातल्या कोरड्या फडताळात राहिल्या तरी चालतील.

कॅनखाली टब हवा, आणि टबात सर्वांत मोठ्या कॅनच्या ११० टक्के मावलं पाहिजे. ३५ लिटरच्या कॅनसाठी ४० लिटरचा टब बरोबर बसतो. ॲसिडच्या टबात लिक्विड क्लोरीनचा कॅन कधीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, टेकवायचा नाही.

पावसाळ्यात कपाटात ओल येऊ नये म्हणून आपल्याकडे फळीवर वर्तमानपत्र अंथरतात, कोपऱ्यात कोळशाचे तुकडे ठेवतात, डांबराच्या गोळ्या किंवा कापूर टाकतात. कपड्यांच्या कपाटात हे शहाणपणाचं आहे. क्लोरीनच्या पेटीत यांतली प्रत्येक वस्तू इंधन आहे. ओल शोषणारी पाणी साठवत जाणारी डबीही नको, ती कलंडली की सगळं पाणी ड्रमवर. ओलीवरचा उपाय एकच, घट्ट झाकण.

डबे, झाकणं आणि माप

मूळ डब्यातून रसायन दुसरीकडे काढू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ॲसिड किंवा लिक्विड भरून ठेवणं हा घरातला सर्वांत जीवघेणा प्रकार आहे. ती बाटली एक दिवस कुणीतरी तोंडाला लावतं.

लिक्विड क्लोरीन सुट्टं भरून घेताना एक गोष्ट नक्की तपासा. विक्रेत्याकडे ॲसिडचे आणि लिक्विडचे कॅन एकसारखे निळे असतात आणि रिकामे कॅन एकत्र पडलेले असतात. तळाशी कपभर ॲसिड राहिलेल्या कॅनमध्ये लिक्विड ओतलं तर तोंडासमोर क्लोरीन सुटतो. म्हणून स्वतःचा कॅन ठेवा, त्याच्या गळ्याला न निघणारी रंगीत दोरी बांधा, उदाहरणार्थ ॲसिडला लाल आणि लिक्विडला पिवळी, आणि तोच भरून आणा. त्यावर नाव मराठीत, ठळक, तेलरंगानं लिहा. साध्या मार्करची शाई क्लोरीनच्या वाफांनी फिकी होते.

लिक्विडच्या कॅनला हवा सुटणारं झाकण असतं, कारण ते द्रावण पडल्या पडल्या ऑक्सिजन सोडत राहतं. ते झाकण बदलून घट्ट बूच लावलं तर उन्हाळ्यात कॅन फुगतो. उलट गोळ्यांच्या ड्रमचं झाकण पूर्ण आवळलेलं हवं.

माप हा बारीक वाटणारा पण खरा मुद्दा. प्रत्येक रसायनाला स्वतःचा प्लास्टिकचा स्कूप, त्याच रंगाच्या दोरीनं डब्याला बांधलेला, आणि कोरडाठाक. पुलातून काढलेल्या ओल्या हातानं किंवा ओल्या मापानं गोळ्या काढल्या की तेवढी ओल ड्रमच्या आत गेली. सोड्यात वापरलेलं माप क्लोरीनमध्ये घालायचं नाही. तरंगत्या डिस्पेन्सरचीही गोष्ट तीच: ज्यात टीसीसीएच्या गोळ्या होत्या त्यात कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या गोळ्या कधीही भरू नका. बंद, ओलसर डबा आणि दोन गट एकत्र. असे डिस्पेन्सर फुटले आहेत.

वापरताना क्रम पाळायचा: आधी बादलीभर पाणी, मग त्यात रसायन. रसायनावर पाणी ओतायचं नाही, ॲसिड असो की क्लोरीन.

लिक्विडची ताकद कमी होते, ती मोजा

सोडियम हायपोक्लोराइट उन्हानं आणि उष्णतेनं उतरतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की उतरण्याचा वेग साधारण तीन-साडेतीन पट होतो. त्यामुळे एप्रिलमध्ये शेडखाली ठेवलेला कॅन महिन्याभरात बराच पाणचट होतो, आणि पूल हिरवा झाल्यावर दोष भलत्यालाच दिला जातो. तीन-चार आठवड्यांत संपेल एवढंच घ्या.

शंका असेल तर घरच्या टेस्ट किटनं तपासता येतं. हातमोजे घालून १० मिलिलिटर लिक्विड १ लिटर स्वच्छ पाण्यात मिसळा. त्या पाण्यातलं २० मिलिलिटर घेऊन १० लिटर पाण्याच्या बादलीत घाला. मूळ द्रावण १० टक्क्यांचं असेल तर किटवर २ पीपीएम दिसलं पाहिजे. १ दिसलं तर निम्मी ताकद गेली आणि डोस दुप्पट लागणार. यासाठी पाणी मात्र गाळलेलं, पिण्याचं घ्या. विहिरीच्या गढूळ पाण्यात क्लोरीन आपोआप खर्च होतं आणि नळाच्या पाण्यात आधीच थोडं असू शकतं, तेव्हा त्या पाण्याची एक कोरी चाचणी आधी करून तो आकडा वजा करा.

दुकानातून घरी आणताना

ॲसिड आणि क्लोरीन एका फेरीत, एका डिकीत आणू नका. पुण्याहून मुळशीला जाताना घाटाच्या वळणावर कॅन आडवा झाला तर बंद गाडीत तुम्ही आणि तो वायू एकत्र असता. कॅन टबात उभा, पट्ट्यानं बांधलेला, काचा थोड्या उघड्या, आणि वाटेत जेवायला थांबून गाडी उन्हात ठेवायची नाही.

ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २०१३ च्या आदेशापासून निर्बंध आहेत: विक्रेत्यानं खरेदीदाराची नोंद ठेवायची, ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते लिहून घ्यायचं, आणि १८ वर्षांखालच्याला विकायचं नाही. दुकानदार हे विचारत असेल तर तो त्याचं काम करतो आहे. घरी ते कुलपात ठेवणं ही मग तुमची जबाबदारी.

रसायन हाताळणारा माणूस

वीकेंडच्या बंगल्यात क्लोरीन टाकतो तो मालक नसतो. माळी किंवा केअरटेकर असतो. त्याला ‘दोन मापं हे, एक माप ते’ एवढंच सांगून भागत नाही. कोणत्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय होतं, ते त्याला त्याच्या भाषेत, डबे समोर ठेवून सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणून घ्या. पेटीच्या झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत लावा: ‘यात ॲसिड ठेवू नये. टीसीएल पावडर ठेवू नये. ओला हात घालू नये.’ गोळ्या वापरत असाल तर हे तीन पुरेत.

त्याच्यासाठी नायट्राइल किंवा पीव्हीसीचे लांब हातमोजे, बाजूनं बंद गॉगल आणि प्लास्टिकचा एप्रन विकत आणून पेटीशेजारी टांगा. साधा किंवा एन ९५ मास्क धूळ अडवतो, क्लोरीन वायू अडवत नाही. त्यासाठी आम्लवायूंच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. आणि ड्रम उघडायची सवय अशी लावा: ड्रम उघड्यावर आणायचा, वारा आपल्या पाठीमागून येईल असं उभं राहायचं, तोंड बाजूला करून झाकण सैल करायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग पूर्ण काढायचं. बरेच दिवस बंद राहिलेल्या टीसीसीएच्या ड्रममध्ये वरच्या पोकळीत वायू साचलेला असतो.

झाकण फुगलेलं दिसलं, ड्रम हाताला गरम लागला किंवा आत सूं-सूं आवाज येत असला तर तो उघडायचा नाही, हलवायचाही नाही. सगळ्यांना लांब न्या आणि अग्निशमन दलाला कळवा.

सांडलं, पेटलं, ठसका लागला तर

कोरडी भुकटी सांडली तर कोरड्या, स्वच्छ, याच कामासाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या सुपलीनं गोळा करा. ती मूळ डब्यात परत टाकू नका, कारण तिच्याबरोबर धूळ-पालापाचोळा येतो. स्वच्छ असेल तर बादलीभर पाण्यात थोडी थोडी विरघळवून पुलात सोडा. कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच नाही. ओल्या कचऱ्यात ती पेट घेऊ शकते. भुसा, चिंध्या, गोणपाट वापरू नका.

ॲसिड सांडलं तर कडेनं आत असा सोडा ॲश किंवा खाण्याचा सोडा भुरभुरवा, फसफस थांबेपर्यंत, मग भरपूर पाण्यानं धुवा. म्हणून सोड्याची दोन किलोची पिशवी ॲसिडच्या जवळ असू द्या. कोटा आणि संगमरवरी फरशीला ॲसिड खातं, डाग कायमचा राहतो.

आग लागली तर घरातला आग विझवायचा लाल एबीसी पावडरचा सिलिंडर क्लोरीनच्या ड्रमवर मारू नका. हे बहुतेकांना माहीत नसतं. त्या पावडरीत अमोनियम फॉस्फेट असतं आणि अमोनियमची हायपोक्लोराइटशी क्रिया भयंकर होऊ शकते. कार्बन डायऑक्साइडचाही उपयोग नाही, कारण ड्रम स्वतःच प्राणवायू पुरवतो. बादलीभर पाणी मारणं तर सर्वांत वाईट. ही आग फक्त पाण्याच्या प्रचंड माऱ्यानं विझते आणि ते काम अग्निशमन दलाचं. १०१ किंवा ११२ लावा, आत काय आहे आणि किती किलो आहे ते सांगा, आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं, उंचावर निघून जा.

वायू छातीत गेला असेल तर माणसाला मोकळ्या हवेत, बसत्या स्थितीत ठेवा, १०८ ला फोन करा. लगेच बरं वाटलं तरी डॉक्टरकडे न्याच. फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्यानं १५ ते २० मिनिटं धुवा, घड्याळ लावून. अंगावर भुकटी पडली तर आधी कोरडी झटका, मग भरपूर पाणी. पोटात गेलं तर उलटी करवू नका. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल-फ्री क्रमांकावर सल्ला देतं. हा नंबर पेटीच्या झाकणावरच लिहून ठेवा.

जुना साठा आणि रिकामे ड्रम

सादळून गठ्ठे झालेली भुकटी फोडत बसू नका, आपटू तर नकाच. गठ्ठ्यांत दुसरं काही मिसळलेलं नाही याची खात्री असेल तरच, पोहणारे नसताना, बादलीभर पाण्यात एकेक छोटा तुकडा टाकत ते पुलात संपवा. खात्री नसेल तर झाकण सैल ठेवून ड्रम उघड्यावर पण छपराखाली, सगळ्यांपासून लांब ठेवा आणि पुरवठादाराला न्यायला सांगा. सेप्टिक टँकमध्ये ओतलं तर मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि टाकी तुंबते. ओढ्यात सोडलं तर मासे जातात.

रिकामा ड्रम किंवा कॅन तीनदा पाण्यानं विसळून ते पाणी पुलात घाला. मग त्याला तळाशी दोन-तीन मोठी भोकं पाडा आणि मगच भंगारवाल्याला द्या. निळे ड्रम गावात हातोहात जातात आणि कुणी त्यात डिझेल भरतं, कुणी युरिया, कुणी पिण्याचं पाणी. भोकं पाडलेला ड्रम फार तर झाडाची कुंडी होतो.